जाळे गच्चीवर, गाठ बैठकीत

संध्याकाळी ऑफिसे सुटल्यानंतरची वेळ. सार्वजनिक ग्रंथालयाची एखादी खोली, नाहीतर कॅफेचा मागचा भाग. टेबलावर दोन-तीन जुने राउटर, वायरींची भेंडोळी आणि बाजूला भोक पाडलेला कॉफीचा रिकामा डबा. भिंतीवर शहराचा नकाशा आणि त्यावर रंगीत टाचण्या. खुर्च्यांवर कॉलेजचे विद्यार्थी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले कोणी, आपल्या इमारतीत इंटरनेट नीट येत नाही म्हणून प्रथमच आलेली एखादी गृहिणी. पहिला अर्धा तास महिनाभराचा हिशेब: कोणती जोडणी बंद पडली, कोणत्या गच्चीची परवानगी मिळाली. मग पाहुण्या वक्त्यांचे भाषण, मग प्रश्न. बैठक संपली की लोक तासभर दारात उभे राहून बोलतात आणि पुष्कळशी कामे त्या दारातच ठरतात.

सामुदायिक वायरलेस जाळी उभारणाऱ्या गटांची मासिक बैठक जगात कुठेही पाहिली तरी साधारण अशीच दिसते. आपल्या घराच्या गच्चीवर अँटेना लावायची, ती शेजाऱ्याच्या अँटेनाशी जोडायची, शेजाऱ्याची त्याच्या शेजाऱ्याशी, आणि असे करत वस्तीचे स्वतःच्या मालकीचे जाळे विणायचे, हे या गटांचे काम. कंपनी नाही, पगारी नोकर नाहीत, ग्राहकही नाहीत; जो वापरतो त्यानेच थोडे सांभाळायचे. या जाळ्यांविषयी लिहिताना बहुधा राउटर आणि अँटेनांविषयी लिहिले जाते. मला मात्र वाटते, की त्यांचे रहस्य त्या खोलीत आहे. मराठीत ‘गाठ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जाळ्याची गाठ आणि माणसांची गाठभेट. इथे दुसरी गाठ सुटली, की पहिली फार दिवस टिकत नाही.

हवा मोकळी कशी झाली

रेडिओलहरींचा पट्टा ही सरकारच्या ताब्यातली गोष्ट. आकाशवाणी असो, मोबाइल कंपनी असो वा पोलिसांचा वायरलेस, प्रत्येकाला ठराविक पट्टा आणि त्याचा परवाना. याला अपवाद होता तो काही ‘टाकाऊ’ मानलेल्या पट्ट्यांचा. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास मायक्रोवेव्ह भट्ट्या चालतात. त्यांच्या गोंगाटामुळे तिथे दळणवळणाला कोणी फारसे जात नसे. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने असे पट्टे ठराविक शक्तीच्या मर्यादेत कोणालाही विनापरवाना वापरायला खुले केले. अट एवढीच, की दुसऱ्याचा गोंगाट निमूट सहन करायचा आणि परवानाधारकाला त्रास द्यायचा नाही.

या मोकळ्या जागेत पुढे वाय-फाय जन्मले. १९९७ मध्ये त्याचे पहिले मानक आले, १९९९ मध्ये सेकंदाला ११ मेगाबिटचे दुसरे. ते घरातल्या घरात वापरण्यासाठी होते. पण काही जणांच्या लक्षात आले, की साध्या अँटेनाऐवजी एका दिशेला रोखलेली अँटेना लावली तर हीच लहर रस्ता ओलांडते, नदी ओलांडते, काही किलोमीटर जाते. २००० साली लंडनमध्ये ‘कन्झ्यूम’, अमेरिकेत ‘सिअ‍ॅटल वायरलेस’ आणि पोर्टलँडचा ‘पर्सनल टेल्को प्रोजेक्ट’ उभे राहिले. २००१ मध्ये ‘एनवायसीवायरलेस’ने न्यूयॉर्कमध्ये काम सुरू केले आणि पुढच्या वर्षी तिथल्या ब्रायंट पार्कच्या हिरवळीवर मोफत वाय-फाय आले. अथेन्स, मेलबर्न, कॅटलोनिया अशी रांग मागोमाग लागली.

यांतल्या प्रत्येक गटापुढे पहिल्या दिवसापासून एक प्रश्न होता. हवा कोणाचीच नाही, म्हणजे ती सगळ्यांची आहे. मग ती वापरायची कशी, हे ठरवणार कोण? परवाना देणारे कार्यालय नव्हते, तक्रार घेणारी खिडकी नव्हती. म्हणून लोकांनी खुर्च्या मांडल्या.

बैठकीत बोलतात ते काय?

नवखा माणूस पहिल्यांदा आला की त्याला एकच गोष्ट विचारतात: ‘तुमच्या गच्चीवरून काय दिसते?’ प्रश्न घरगुती वाटला तरी त्यात अख्खे रेडिओशास्त्र आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून दोन अँटेनांनी एकमेकींना पाहिले पाहिजे. पण नुसते दिसून भागत नाही. लहर ताणलेल्या दोरीसारखी बारीक नसते. तिला लागणारी मोकळी जागा पखवाजासारखी असते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली. या आकाराला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. पाच किलोमीटरच्या जोडणीत २.४ गिगाहर्ट्झला हा पखवाज मध्यावर सुमारे साडेबारा मीटर त्रिज्येचा होतो आणि त्यातला साठ टक्के भाग तरी रिकामा हवा. म्हणजे समोरची गच्ची दुर्बिणीतून लख्ख दिसत असली, तरी मधल्या इमारतीवरची पाण्याची टाकी दृष्टिरेषेच्या तीन-चार मीटर खालपर्यंत पोचत असेल, तर जोडणी लंगडी होते.

झाडे तर नेहमीचीच. पानांतले पाणी या लहरी शोषून घेते. थंड देशांतल्या गटांना हा धडा एकदा तरी मिळतोच. पानगळीनंतर जोडलेली उत्तम जोडणी वसंतात झाडे पालवली की मरगळते. मग पुढच्या बैठकीत कोणीतरी उभे राहून सांगते, की नवी जोडणी हिवाळ्यात तपासलीत तर उन्हाळ्यात पुन्हा तपासा. हे पुस्तकात असते, पण त्या खोलीत ऐकलेले विसरत नाही.

दुसरा विषय चॅनलचा. अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अकरा चॅनल आहेत. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण दोन चॅनलांमधले अंतर पाच मेगाहर्ट्झ आणि जुन्या वाय-फायचा एक सिग्नल बावीस मेगाहर्ट्झ रुंद. म्हणजे शेजारचे चॅनल एकमेकांवर सांडतात. खरोखर वेगळे राहतात ते तीनच: पहिला, सहावा आणि अकरावा. एका टेकडीवर चार जणांना अँटेना लावायच्या असतील आणि चॅनल तीनच असतील, तर काय करायचे? कोणी आपली शक्ती कमी करायची, कोणी अँटेनाची लहर आडवीऐवजी उभी करायची, कोणी ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जायचे. तंत्राने पर्याय दाखवता येतात. पण त्यातला कोणता कोणी घ्यायचा, हे एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच ठरते.

तिसरा विषय जाळ्याच्या विणीचा. जाळीदार रचनेत प्रत्येक राउटर स्वतःचा निरोप पाठवतो आणि दुसऱ्यांचाही पुढे नेतो. पण एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे एकदम होत नाही, म्हणून दोन टप्प्यांत वेग साधारण निम्मा होतो. तीन टप्पे गेले की जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. त्यामुळे कोणता मार्ग चांगला, हे राउटरला कळणे महत्त्वाचे. कमी टप्प्यांचा मार्ग चांगला, असा पूर्वीचा समज होता. अमेरिकेतल्या एमआयटीने केंब्रिज शहरातल्या गच्च्यांवर ‘रूफनेट’ नावाचे जाळे उभारले होते. तिथल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले, की लांबचा एक दुबळा टप्पा घेण्यापेक्षा जवळचे दोन सशक्त टप्पे परवडतात. एक निरोप पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावा लागतो, ते मोजायचे आणि त्यावरून वाट निवडायची. बर्लिनच्या अशाच एका सामुदायिक गटाने हा विचार आपल्या गच्च्यांवर आणला. पुढे तिथेच ‘बॅटमॅन’ नावाची स्वतःची मार्ग शोधण्याची पद्धत तयार झाली आणि २०११ मध्ये तिची एक आवृत्ती लिनक्सच्या गाभ्यात सामावली गेली. हौशी लोकांच्या गटातून निघालेली गोष्ट जगभरच्या संगणकांत जाऊन बसली.

बर्लिनचा बुधवार

बर्लिनची कहाणी थोडी थांबून सांगायला हवी, कारण तिथे बैठक आणि पाहुणे या दोहोंचे मोल स्पष्ट दिसते.

जर्मनीचे एकीकरण झाल्यावर पूर्वेकडच्या भागात टेलिफोनची नवी यंत्रणा उभारली गेली. त्या वेळी सर्वांत आधुनिक म्हणून अनेक वस्त्यांत तांब्याऐवजी काचतंतू टाकले. काही वर्षांनी टेलिफोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देणारे डीएसएल आले आणि ते चालते तांब्याच्या तारेवर. त्यामुळे पूर्व बर्लिनच्या काही वस्त्यांना वेगवान इंटरनेट मिळेना. शेजारच्या रस्त्यावर ते आहे आणि आपल्या घरात नाही, अशी स्थिती. गच्चीवर चढायला याहून चांगले कारण कोणते?

श्प्रे नदीच्या काठी ‘सी-बेस’ नावाची १९९५ पासूनची हौशी तंत्रज्ञांची जागा आहे. तिथे दर बुधवारी संध्याकाळी लोक जमू लागले. त्या बैठकीच्या नावातच ‘लहर’ आणि ‘डाख देणे’ असे दोन शब्द जोडलेले होते, कारण सुरुवातीला अँटेना हातानेच बनवाव्या लागत. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘कन्झ्यूम’ची मंडळी बर्लिनला आली. लंडन आणि बर्लिन अशी ती संयुक्त कार्यशाळा. लंडनकरांकडे दोन वर्षांचा अनुभव होता आणि त्यात अपयशही होते. त्या भेटीनंतर बर्लिनच्या कामाला ‘फ्रायफुंक’ म्हणजे ‘मुक्त रेडिओ’ हे नाव आणि रूप मिळाले. आज जर्मनीभर शेकडो गावांत हे नाव चालते.

याच देवाणघेवाणीतून ‘पिको पीअरिंग’ करारनामा आकाराला आला. तो एका पानात मावतो. माझ्या गच्चीवरून दुसऱ्याचा निरोप फुकट जाऊ देईन; त्यात ढवळाढवळ करणार नाही; माझ्याशी संपर्क कसा साधायचा ते उघड ठेवीन; सेवा चालेलच अशी हमी देत नाही; माझ्या उपकरणाच्या वापराचे नियम मी ठरवू शकतो. एवढ्या चार-पाच गोष्टी. दोन शहरांतली माणसे एका खोलीत बसली नसती, तर वकिलांकडून घेतलेला असा मसुदा चाळीस पानांचा झाला असता आणि कोणी वाचला नसता.

पाहुणे कशासाठी?

गटातली माणसे जाणकार असतील, तर बाहेरचा वक्ता कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे, की गट जे जाणतो त्याच्या काठावर येऊन अडकतो आणि तिथून पुढची वाट बहुधा दुसऱ्या कोणी चाललेली असते.

याचे एक सुंदर उदाहरण व्हेनेझुएलाचे. तिथल्या लॉस आंदेस विद्यापीठातले अभियंते एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००६ मध्ये वाय-फायची जोडणी २७९ किलोमीटरवर आणि २००७ मध्ये ३८२ किलोमीटरवर करून दाखवली. बाजारात मिळणारे साधे राउटर, उपग्रहवाहिन्यांच्या जुन्या छत्र्या आणि अँडीजची उंच शिखरे, एवढ्या सामग्रीवर. ३८२ किलोमीटर म्हणजे मुंबई ते पणजी हवाई अंतराच्या जवळपास.

अडचण शक्तीची नव्हती, शिष्टाचाराची होती. आजी गोष्ट सांगते तेव्हा ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार आला नाही तर पोर झोपले की ऐकले नाही हे तिला कळत नाही. वाय-फायही असेच आहे. प्रत्येक निरोपानंतर समोरून ‘पोचला’ असा हुंकार यावा लागतो आणि यंत्र त्याची वाट फार तर काही डझन मायक्रोसेकंद पाहते, कारण ते घरापुरते बनवलेले. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे तीनशे मीटर जाते. तीस किलोमीटरवर निरोप जायला शंभर मायक्रोसेकंद आणि हुंकार यायला आणखी शंभर. तोवर यंत्राचा धीर सुटलेला असतो. ते समजते, की निरोप हरवला, आणि पुन्हा पाठवते. पुन्हा आणि पुन्हा. इकडे सिग्नल उत्तम आणि तिकडे जोडणी मेलेली. उपाय म्हणजे थांबण्याचा अवधी वाढवणे, किंवा मुळात वाटेल तेव्हा बोलण्याऐवजी दोन्ही टोकांनी वेळ वाटून घेणे. अमेरिकेच्या बर्कले विद्यापीठातल्या गटाने हा दुसरा उपाय विकसित केला आणि तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाची ग्रामीण दृष्टिकेंद्रे अशा लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडली. खेड्यातला रुग्ण पडद्यावरून डॉक्टरांशी बोलू लागला.

हे जाणणारा एक माणूस एखाद्या गटासमोर तासभर बोलला, तर सहा महिन्यांची डोकेफोड वाचते. बैठकीतल्या पाहुण्याचे काम हे. म्हणूनच रॉब फ्लिकेंजर हे नाव या चळवळीत महत्त्वाचे. २००१ मध्ये त्यांनी बटाट्याच्या वेफर्सच्या उभ्या डब्यातून अँटेना बनवण्याची कृती मांडली आणि डबा हे चळवळीचे चिन्हच झाले. मग लोकांनी मोजमाप करून दाखवले, की तो डबा या कामाला अंमळ अरुंद पडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब. ती नळीतून सुखाने वाहायला नळीचा व्यास आठ-नऊ सेंटिमीटर हवा. कॉफीचे किंवा फळांचे काही डबे तसे भरतात. आत उभी करायची तांब्याची काडी लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे सुमारे एकतीस मिलिमीटर. पुढे फ्लिकेंजर यांच्याच पुढाकाराने अनेकांनी मिळून विकसनशील देशांसाठी वायरलेस जाळ्यांचे एक मोठे पुस्तक लिहिले आणि २००६ पासून ते सर्वांना विनामूल्य दिले. डब्यातली चूक सुधारत सुधारत ज्ञान पुस्तकापर्यंत गेले. भाषण आणि प्रश्नोत्तरे एकाच खोलीत होतात तेव्हाच हे घडते.

पाहुणे नेहमी अभियंतेच असावेत, असेही नाही. जर्मनीत २०१० मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असे ठरवले, की वाय-फायला पासवर्ड न लावणाऱ्या मालकावर, दुसऱ्याने त्यावरून केलेल्या स्वामित्वहक्काच्या भंगाचा काही भार येतो. मोकळे वाय-फाय देणे हाच ज्यांचा धर्म, त्या फ्रायफुंकपुढे संकट उभे राहिले. अशा वेळी अँटेनावाल्यापेक्षा कायदा जाणणारा उपयोगी. गटांनी वाटसरूंची वाहतूक वेगळ्या बोगद्यातून नेण्याची व्यवस्था केली, संघटना नोंदवल्या आणि कायदा बदलण्यासाठी वर्षानुवर्षे बाजू मांडली. २०१७ मध्ये कायदा बदलला.

तसेच अमेरिकेत. रेडिओच्या नव्या नियमांचा अर्थ लावताना एका उत्पादकाने राउटरमध्ये बाहेरचे सॉफ्टवेअर घालण्याची वाटच बंद केली. सामुदायिक जाळी तर अशा मुक्त सॉफ्टवेअरवरच उभी. २०१६ मध्ये दळणवळण आयोगाशी झालेल्या तडजोडीत त्या उत्पादकाला मुक्त सॉफ्टवेअरला वाट देण्याचे मान्य करावे लागले. गच्चीवरच्या डब्याचा धागा असा थेट धोरणापर्यंत जातो. तो धागा कुठून कुठे गेला आहे, हे समजावून सांगणारा माणूस महिन्यातून एकदा समोर असावा.

ऐकणे एकीकडे, ठरवणे एकीकडे

एक पथ्य मात्र चांगले गट पाळतात. पाहुणे सांगतात, निर्णय गट घेतो. हे वाचताना मराठी वाचकाला गडचिरोलीचे मेंढा-लेखा आठवेल. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येतात, चर्चा होते, पण तिथे काही ठरत नाही. ठरते ते ग्रामसभेत, सर्वांच्या संमतीने. जंगल आणि रेडिओलहरी यांच्यात वरवर काही नाते नाही. पण दोन्ही सामाईक आहेत, दोन्ही कुंपण घालून राखता येत नाहीत आणि दोन्ही बेपर्वाईने वापरली तर सगळ्यांच्याच हातून जातात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामाईक कुरणे, पाटबंधारे, मासेमारीचे पाणवठे अभ्यासून १९९० मध्ये जे मांडले आणि ज्यासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते हेच. सामाईक साधन टिकते तिथे वापरणारेच नियम करतात, वापरणारेच लक्ष ठेवतात आणि तंटा सोडवण्याची जागा जवळ आणि स्वस्त असते. महिन्याच्या दुसऱ्या किंवा चौथ्या बुधवारी मांडलेल्या वीस खुर्च्या म्हणजे ती जवळची आणि स्वस्त जागा.

कॅटलोनियातल्या ओसोना परगण्यात २००४ मध्ये सुरू झालेले ‘गीफी.नेट’ याची साक्ष आहे. मोठ्या कंपन्यांना त्या खेड्यांत तार टाकणे परवडत नव्हते. शेतकरी, दुकानदार, शिक्षक यांनी एकमेकांच्या घरांवर अँटेना लावल्या. आज त्यात तीस हजारांहून अधिक नोड, म्हणजे जाळ्याच्या गाठी, आहेत आणि काही भागांत गावकऱ्यांनी स्वतःचे काचतंतूही टाकले आहेत. त्यांनी एक सामाईक करारपत्र केले, त्यात व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनाही जागा दिली, पण जाळे कोणाच्या एकाच्या मालकीचे होणार नाही, अशी तजवीज ठेवली. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतातल्या मांकोसी गावाने सहकारी संस्था काढली आणि तिला ‘झेन्झेलेनी’ म्हणजे ‘स्वतःच करा’ असे नाव दिले. सौर पॅनेलांवर चालणारे राउटर कोणत्या घरांवर बसवायचे, पैसा कसा वाटायचा, हे गावाने गावात ठरवले.

आपल्याकडची वाट

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही परवान्याशिवाय वापरण्याची मुभा २००५ च्या जानेवारीत मिळाली. त्याच वर्षी धर्मशाळेच्या डोंगरांत ‘एअरजल्दी’ जाळे उभे राहू लागले. तिबेटी शाळा, रुग्णालये आणि मठ त्याने जोडले. तिथल्या अँटेनांना पाऊस आणि वीज यांच्याबरोबर माकडांचाही सामना करावा लागे. अँटेनावर माकड झोके घेणार, हे गृहीत धरूनच खांब रोवावा लागे. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे जगभरच्या सामुदायिक वायरलेस गटांचे संमेलन भरले. म्हणजे डोंगरातल्या जाळ्यानेही आपल्या खोलीत पाहुणे बोलावले. पुढे मध्य प्रदेशातल्या चंदेरीच्या विणकर वस्तीत ‘वायरलेस फॉर कम्युनिटीज’ हा उपक्रम आला.

महाराष्ट्राचा धागा पालघरचा. मुंबईच्या आयआयटीतल्या अभय करंदीकर यांच्या चमूने ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पात तिथल्या खेड्यांत दूरदर्शनच्या रिकाम्या पडलेल्या पट्ट्यातून इंटरनेट नेऊन पाहिले. त्या लहरी वाय-फायपेक्षा लांब, म्हणून झाडीतून आणि उतारांवरून बऱ्या जातात. २०१७ मध्ये या कामाला मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पुरस्कार मिळाला. त्यातली मला भावलेली गोष्ट अशी, की त्यांनी आपल्या आराखड्यात ग्रामपंचायतीला भागीदार मानले. तंत्र प्रयोगशाळेतून आले, तरी गावात टिकायचे तर गावाने बसून ठरवले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे इंटरनेटसेवा विकायची तर परवाना लागतो, ही मोठी मर्यादा होती. २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने किराणा दुकान किंवा चहाची टपरीसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकते, अशी वाट काढली. दार किलकिले झाले आहे.

मग गट विरतात का?

खरे तर पुष्कळ गट विरले. मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, घरोघरी जलद जोडण्या आल्या आणि गच्चीवर चढण्याची निकड संपली. मग आता याची गरज काय, असे कोणी विचारले तर मी न्यूयॉर्कच्या रेड हूक वस्तीकडे बोट दाखवीन.

रेड हूक ही समुद्राकाठची गरीब वस्ती. तिथल्या एका समाजसंस्थेने २०११ मध्ये छोटे सामुदायिक जाळे सुरू केले. वस्तीतल्याच तरुणांना ते सांभाळायला शिकवले. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ आले. पाणी घुसले, वीज गेली, फोन बंद पडले. संस्थेच्या छपरावरचे जाळे मात्र चालू राहिले. लोक मदत कुठे मिळते ते शोधायला, नातलगांना खुशाली कळवायला तिथे जमू लागले. काही दिवसांत अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने आपली उपग्रहजोडणी या जाळ्याला लावून दिली. सरकारकडे उपग्रह होता. तो घराघरापर्यंत नेणारे जाळे वस्तीकडे होते. आणि ते कुठून कसे चालते, हे जाणणारी मुले तिथेच राहत होती.

संकटाच्या दिवशी राउटर विकत आणता येतो. खांबही उभा करता येतो. पण कोणत्या गच्चीवरून कोणती गच्ची दिसते, कोणत्या घरात किल्ली असते, कोणाला तांब्याची काडी किती लांब कापायची ते ठाऊक आहे आणि रात्री अकरा वाजता कोणाला हाक मारली तर तो येईल, हे ज्ञान विकत मिळत नाही. ते महिन्यामागून महिना खुर्च्या मांडून, पाहुण्यांचे ऐकून, चॅनलवरून वाद घालून आणि दारात तासभर रेंगाळूनच साठते.

आपल्या गावात, वाडीत, सोसायटीत कोणाला असे काही सुरू करावेसे वाटले, तर अँटेनाच्या आधी तारीख ठरवा. महिन्याचा एकच वार, एकच जागा, एकच वेळ. पहिल्या बैठकीला गावातल्या एखाद्या टेलिफोन-मेकॅनिकला किंवा हौशी रेडिओ चालवणाऱ्याला बोलवा. दूरवरून बड्या माणसाला आणायची गरज नाही. नकाशा टांगा आणि आलेल्या प्रत्येकाला विचारा, की तुमच्या गच्चीवरून काय दिसते. उत्तरे ऐकता ऐकता लक्षात येईल, की जाळ्यातली पहिली जोडणी, राउटर चालू होण्याआधीच, त्या खोलीत झाली आहे.